काही घडलं नाही

आमच्या रंगाच्या कारखान्यात एक पिवळी चिठ्ठी असते. अपघात झाला तर लाल फॉर्म भरायचा. अपघात होता होता राहिला, तर पिवळी चिठ्ठी. ड्रम घसरला पण खाली कुणी नव्हतं. शिडी हलली पण माणूस सावरला. तारीख, वेळ, जागा, काय होऊ शकलं असतं, आपण काय केलं, आणि शेवटी एक ठरलेलं वाक्य: काही घडलं नाही. लिहिणाऱ्याचं नाव विचारायचं नाही, असा नियम आहे. कँटीनच्या दाराशी पेटी आहे, तिच्यात चिठ्ठी टाकायची आणि चहाला जायचं. बारा वर्षं झाली, ती पेटी माझ्या ताब्यात आहे. मी तिथली सुरक्षा अधिकारी. कामगार मला तोंडावर मॅडम म्हणतात आणि पाठीमागे हेल्मेटबाई. मला दोन्ही चालतं.

हे आधी सांगितलं, कारण माझी मुलगी माझ्या हातून गेली ती या पिवळ्या चिठ्ठीपायी. आपल्याच पायावर धोंडा कसा पाडून घ्यावा हे कुणाला शिकायचं असेल, तर माझ्याकडे यावं. फी घेणार नाही.

माझी मुलगी आठ वर्षांची आहे. खडे, पेन्सिलीची टोकं, अर्धं बिस्किट, जे हाताला लागेल ते खिशात साठवते, म्हणून आम्ही तिला खारू म्हणतो. आम्ही म्हणजे मी आणि माझी आई. खारूचा बाबा वेगळा राहतो. घटस्फोट होऊन दीड वर्ष झालं, पण खारू कुणाकडे राहणार याचा निकाल अजून लागायचा आहे.

पहिले काही महिने तो मला फोनवर मेसेज करायचा. दिवसाला चाळीस. ‘तू आई आहेस की वॉचमन?’ दहा मिनिटांनी, ‘रागावू नकोस, एकदा बसून बोलू.’ मग पंधरा मिनिटांनी, ‘खारू मोठी झाली की तुझ्या तोंडावर थुंकेल.’ मी प्रत्येकाला उत्तर द्यायची. समजवायची, विनवायची, आणि शेवटी डोकं भणभणलं की शिव्या घालायची. कोर्टात त्याच्या वकिलाने फक्त माझ्या शिव्यांच्या प्रती काढून आणल्या. सुबक, क्रमांक घालून. तेव्हा न्यायाधीशबाईंनी आदेश दिला की फोन बंद. दोघांमध्ये एक वही ठेवायची. शंभर पानी, खारूच्या दप्तरात. शुक्रवारी संध्याकाळी ती खारूबरोबर त्याच्याकडे जाईल, रविवारी परत येईल. दोघांनी तिच्यात फक्त मुलीबद्दल लिहायचं. वही कोर्ट वाचेल.

माझ्या वकीलबाईंनी मला समोर बसवून बजावलं.

“चार ओळींच्या वर जायचं नाही. माहिती द्यायची, मत नाही. तो खोचक लिहील, त्याला उत्तर द्यायचं नाही. राग आलाच तर दुसऱ्या कागदावर लिहा, सकाळी वाचा, आणि फाडून टाका. लिहिताना समजायचं, न्यायाधीश तुमच्या खांद्यावरून वाचतायत.”

मी हे अक्षरशः पाळलं. कारखान्यात मुदत संपलेले कामाचे परवाने गठ्ठ्याने पडून असतात. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी त्याला काय काय लिहिलं ते सांगण्यासारखं नाही. एकदा चार पानं लिहिली, आणि सकाळी वाचताना मलाच हसू आलं, कारण दुसऱ्या पानावर मी त्याला ‘गळका व्हॉल्व्ह’ म्हटलं होतं. सगळं ऑफिसातल्या कागद कापायच्या मशीनमध्ये घातलं. वहीत मात्र एक वावगा शब्द नाही.

आणि त्याची पानं? ‘सर्व ठीक. जेवली, झोपली, खेळली.’ दर रविवारी एवढंच. त्याच पेनाने, त्याच सुंदर अक्षरात. अधूनमधून खाली एखादी साखर पेरलेली ओळ. ‘खारू सांगत होती की आपण हल्ली फार दमता. प्रकृतीला जपावे.’ आपण! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. हा माणूस घरात मला काय म्हणायचा ते मला ठाऊक, आणि त्या घराच्या भिंतींना.

लग्नाच्या नऊ वर्षांत त्याने माझ्यावर हात उचलला तो दोनदाच. त्याचं हत्यार दुसरं होतं. बाल्कनीचं दार. मी काही बोलले, किंवा बोलले नाही, किंवा भाजीत मीठ जास्त झालं, की तो अगदी हळू आवाजात म्हणायचा, “जरा डोकं थंड करून ये.” आणि खांद्याला धरून मला बाहेर ठेवायचा. आतून कडी. कधी दहा मिनिटं, कधी तास. एकदा दुपारच्या जेवणापासून रस्त्यावरचे दिवे लागेपर्यंत. खारू तेव्हा तीन वर्षांची होती, ती आतून काचेवर थापा मारायची. तो तिला कडेवर घ्यायचा आणि म्हणायचा, “आई झाडांना पाणी घालतेय.” समोरच्या इमारतीतून कुणी पाहिलं तर लाज नको म्हणून मी खरंच झारी उचलायची आणि पाणी घालायची. इतकं, की झाडं कुजली.

हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. आई दर आठवड्याला फोन करायची आणि मी म्हणायची, “सगळं ठीक आहे गं.” वकीलबाईंनी अर्जात ‘मानसिक त्रास’ असे दोन शब्द घातले, आणि पुढे विचारलं तेव्हा मी मूग गिळून बसले. कारखान्यात शिडीचा एक नट सैल दिसला तर मी सगळा विभाग थांबवते. त्या बाईला घरातली एक कडी उघडता आली नाही, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

तर वही. मत लिहायचं नाही, राग लिहायचा नाही, फक्त मुलीबद्दल लिहायचं. मग मला जे येतं ते मी लिहिलं.

‘तारीख सात. सायंकाळी ६.४०. स्वयंपाकघर. दुधाच्या पातेल्याचा दांडा बाहेरच्या बाजूला होता. मुलीचा हात पोचू शकला असता. दांडा आत वळवला. काही घडलं नाही.’

‘तारीख बारा. सकाळी ८.१०. बाल्कनीच्या कठड्याशी स्टूल आढळलं. मुलगी चढू शकली असती. स्टूल आत घेतलं. काही घडलं नाही.’

खरं सांगायचं तर यात माझी थोडी ऐटही होती. वाटायचं, कोर्ट वाचेल आणि म्हणेल, पाहा, ही बाई किती जपते. पहिली चार पानं वकीलबाईंना दाखवली, तेव्हा त्यांनी वरवर पाहून “छान, असंच थोडक्यात” म्हटलं. पुढची कुणी पाहिली नाहीत. आई तेवढी कुरकुरायची.

“किती ते लिहिणं! उद्या घरात शिंकलं तरी नोंद करशील.”

“शिंकेचा कॉलम नाही त्यात.”

“मग पाडून घे एक.”

आमच्या घरात या सगळ्याचा एक खेळही होता. जेवताना मी खारूला विचारायची, “आज जवळजवळ काय झालं?” आणि ती सांगायची. जवळजवळ पडले, पण पडले नाही. जवळजवळ रडले. जवळजवळ खोटं बोलले, पण बाईंनी आधीच दुसरीकडे पाहिलं. आई हसून हसून पाणी प्यायची. मूल घरी येऊन सगळं सांगतं, याहून मोठी सुरक्षा नसते. माझ्या धंद्यात हे पहिल्या दिवशी शिकवतात.

एकदा खारूने विचारलं, “वहीतलं बाबा वाचतात?”

“वाचू देत की. वाचण्यासाठीच आहे.”

त्यानंतर पंधरा दिवसांनी तिचा फ्रॉक धुवायला घेताना खिशात टिशूच्या कागदात गुंडाळलेला काचेचा तुकडा सापडला. ग्लास फुटला होता आणि तिने तुकडे लपवले होते.

“का लपवलंस? बोट कापलं असतं ना!”

“तू लिहिशील म्हणून.” मग खाली बघत, “बाबा मोठ्यांदा वाचतात. फोनवर कुणाला तरी. आणि हसतात.”

इथे माझ्या कानात भोंगा वाजायला हवा होता. मी तिला जवळ घेतलं, काच कशी उचलायची ते दाखवलं, आणि संध्याकाळी वही उघडून लिहिलं: ‘मुलीच्या खिशात काचेचा तुकडा आढळला. इजा होऊ शकली असती. समजावून सांगितलं. काही घडलं नाही.’ तिच्यादेखत लिहिलं. आज आठवलं की स्वतःचं थोबाड फोडावंसं वाटतं.

सुनावणी एका मंगळवारी होती. खोली लहान, कपाटावर दोरीने बांधलेल्या फायली, कोपऱ्यात गळणारा पाण्याचा कूलर. तो इस्त्रीच्या शर्टात बसला होता, गुडघ्यावर हात ठेवून, शाळेतल्या हुशार मुलासारखा. त्याच्या वकिलाने वही उघडली आणि तो वाचायला लागला. घाई नाही, आवाज चढवणं नाही. दुधाचं पातेलं. स्टूल. ओली फरशी. प्लगचं उघडं भोक. काच.

“आठ महिन्यांत बत्तीस नोंदी, मॅडम. बत्तीस वेळा या मुलीच्या जिवावर बेतता बेतता राहिलं. हे आमचे आरोप नाहीत, आईने स्वतःच्या अक्षरात लिहिलंय.” मग त्याने पान उलटलं. “आणि त्याच आठ महिन्यांत वडिलांच्या घरी: सर्व ठीक. सर्व ठीक. सर्व ठीक.”

न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “हे तुम्हीच लिहिलंय?”

मी उभी राहिले. मला वाटलं, आता समजावून सांगता येईल. पिवळी चिठ्ठी म्हणजे काय, तिच्यावर नाव का नसतं ते सांगितलं, आणि मग आमच्या वॉर्निश विभागाची गोष्ट सांगितली. त्या विभागातून सहा महिने एकही पिवळी चिठ्ठी आली नव्हती, फोरमनकाका छाती फुगवून फिरायचे, आणि सातव्या महिन्यात ड्रमची चळत कोसळून एका माणसाचा पाय गेला. नंतर काकांच्या ड्रॉवरमध्ये चिठ्ठ्यांचा गठ्ठा सापडला. “ज्यांच्याकडून चिठ्ठ्या येतात त्यांची मला भीती वाटत नाही, मॅडम,” मी म्हटलं. “रिकाम्या पेटीची वाटते.”

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हे मान्य करायला हवं. मग म्हणाल्या, “बाई, घर म्हणजे कारखाना नव्हे. आणि मुलगी म्हणजे ड्रम नव्हे.”

मागे कुणीतरी हसलं. तो हसला नाही. तो खाली मान घालून बसला होता, माझी कीव आल्यासारखा.

आदेश तीन महिन्यांचा निघाला. सोमवार ते शुक्रवार खारू वडिलांकडे राहील, शनिवार-रविवार माझ्याकडे. कोर्टाच्या समुपदेशक बाई दोन्ही घरं पाहून अहवाल देतील, मग पुढचं पुढे. वही चालू राहील. जिन्यात वकीलबाई कठड्याला टेकून उभ्या राहिल्या आणि कपाळावर हात मारून म्हणाल्या, “अहो, हे काय करून ठेवलंत? मला दाखवायचं तरी.” 

खारूला सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं, “ग्लासमुळे का?”

“नाही गं राणी.”

“मग स्टुलामुळे. ते मीच ठेवलं होतं.”

मी हजार वेळा नाही म्हटलं. तिने मान हलवली, पण तिला काय पटलं होतं ते मला दिसत होतं.

पहिला आठवडा आई आणि मी घरात भूत लागल्यासारख्या फिरलो. शुक्रवारी संध्याकाळी त्याने तिला आमच्या इमारतीच्या फाटकाशी सोडलं. तिचे केस घट्ट बांधलेले, बूट चकचकीत. वर आल्या आल्या मी तिला मिठी मारली. तिने मारू दिली.

जेवताना मी विचारलं, “मग? या आठवड्यात जवळजवळ काय काय झालं?”

“काही नाही.”

“काहीच नाही? शाळेत? घरी?”

ती ताटात बघत म्हणाली, “सर्व ठीक. जेवले, झोपले, खेळले.”

आईच्या हातातला चमचा तसाच राहिला. आठ वर्षांचं मूल ‘सर्व’ म्हणत नाही. ती रिकामी पेटी आता माझ्या समोर बसून ब्रेड कुरतडत होती. मी वरवर हसून विषय बदलला आणि उठून स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडला.

शनिवार तसाच गेला. तिचे खिसे रिकामे होते. एक खडाही नाही.

रविवारी दुपारी मी वही काढली. पाचला तिला परत न्यायला तो येणार होता. खारू माझ्या कोपराशी येऊन उभी राहिली.

“तू पण तेच लिही.”

“काय?”

“बाबांसारखं. सर्व ठीक. मग पाठवणार नाहीत.”

बारा वर्षांत मी असं वाक्य कुठल्याही नोंदवहीत लिहू दिलं नव्हतं, स्वतः लिहिणं तर लांबच. पण ती माझ्याकडे बघत होती आणि एवढी एकच गोष्ट तिने दोन दिवसांत मागितली होती. मी लिहिलं, ‘सर्व ठीक. जेवली, झोपली, खेळली.’ खाली सही केली. तिने अक्षरावरून बोट फिरवून वाचलं, वही मिटली, दप्तरात घातली, चेन लावली. दोनदा ओढून पाहिली.

मग ती माझ्या मांडीवर येऊन बसली. कितीतरी महिन्यांनी.

“आता जवळजवळ सांगू?”

“सांग.”

“वहीत नाही ना लिहिणार?”

“नाही. वहीत नाही.”

“मी दूध सांडलं ना, बुधवारी. तर बाबा म्हणाले, जरा डोकं थंड करून ये.”

मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले, कारण तो थांबला असता तर ती थांबली असती.

“मग दार लावलं. पण कडी नाही लावली. म्हणजे लावली, पण मग काढली. मी एक ते शंभर मोजले. सहा वेळा. बाबा म्हणाले, समोरचं कुणी बघत असेल तर झाडांना पाणी घाल. तिथे झाडंच नाहीत आता, आई. नुसत्या कुंड्या आहेत. मी कुंड्यांना पाणी घातलं.” मग माझ्याकडे मान वर करून, “कडी काढली, म्हणजे जवळजवळच ना? काही घडलं नाही.”

“थंडी वाजत होती?”

“थोडी.”

मी तिला आईकडे दिलं आणि आतल्या खोलीत जाऊन वकीलबाईंना फोन लावला. तिसऱ्यांदा लागला. मी पहिल्यांदा माझी बाल्कनी सांगितली, मग खारूची. 

“हे तुम्ही मला दीड वर्षापूर्वी सांगायला हवं होतं.”

“हो.”

“आता नीट ऐका. आज तिला पाठवलं नाहीत तर तुम्ही आदेश मोडला, आणि तो तेच धरून बसेल. मग तिला कायमची घालवाल. वहीत एक अक्षर लिहू नका. लिहिलंत तर तो आज संध्याकाळीच वाचेल, आणि तेव्हा ती त्याच्या घरात असेल.”

हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. पिवळ्या चिठ्ठीवर नाव का नसतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? पण जिथे कामगार एकच, तिथे नाव न लिहून काय उपयोग. चिठ्ठी कुणी टाकली हे तो वाचता क्षणी ओळखेल.

“उद्या दहाला समुपदेशक बाईंचं ऑफिस उघडतं,” वकीलबाई म्हणाल्या. “दाराशी उभ्या राहा. शाळा सुटायच्या आत काय ते व्हायला हवं. मीही येते.”

पाच वाजता मी खारूला हाताला धरून फाटकाशी नेलं. आयुष्यात बरीच अवघड कामं केली. पाय गेलेल्या त्या माणसाच्या बायकोला फोन मीच केला होता. पण ते पन्नास पावलं चालणं… मी पुढे लिहीत नाही.

त्याने तिथेच दप्तर उघडून वही काढली. वाचली. भुवया उचलल्या आणि मग हसला, ओठ न उघडता.

“वा. शिकलात की.”

“हो,” मी म्हटलं.

खारू आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होती. मी तिच्याकडे पाहून हसले. त्यासाठी मला जेवढं बळ लागलं तेवढं त्या नऊ वर्षांतही लागलं नव्हतं. तिने खिशात हात घातला, आमच्या फाटकाशी पडलेला एक खडा तिने आधीच उचलून ठेवला होता बहुतेक, आणि मूठ तशीच ठेवून त्याच्याबरोबर गेली.

घरी येऊन मी कारखान्याच्या पिशवीतून पिवळ्या चिठ्ठ्यांचं कोरं पुस्तक काढलं आणि जेवणाच्या टेबलाशी बसले. तारीख, निदान महिना आणि वर्ष. वेळ. जागा: बाल्कनी. काय होऊ शकलं असतं. आपण काय केलं: झाडांना पाणी घातलं. अकरा आठवल्या. अकरा लिहिल्या. पहिल्या चिठ्ठीच्या शेवटी हात सवयीने ‘काही घडलं नाही’ लिहून गेला. कारखान्याच्या नोंदवह्यांत खाडाखोड चालत नाही. चुकलेलं वाचता येईल अशी त्यावर एकच रेघ मारायची आणि शेजारी सही करायची. मी रेघ मारली. सही केली.

आई समोर येऊन बसली. तिने एकेक चिठ्ठी उचलून हात लांब धरून वाचली. सहावीवर थांबली.

“ही तारीख… त्या रविवारी मी फोन केला होता. तुझ्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी. तू म्हणालीस, सगळं ठीक आहे.”

“हो.”

“बाहेरून बोलत होतीस?”

“फोन खिशात होता. त्याला माहीत नव्हतं.”

“अगं, मग मला सांगायचं ना!”

आईने पदराने तोंड झाकलं. थोड्या वेळाने तिने उरलेल्या पाच वाचल्या, सगळ्या. मग गठ्ठा नीट जुळवून त्याला स्वतः टाचणी लावली.

सोमवारी पावणेदहाला मी त्या ऑफिसच्या बंद दाराशी उभी होते. शिपायाने कुलूप काढलं तेव्हा माझ्या मागे वकीलबाई धापा टाकत जिना चढून आल्या. समुपदेशक बाई दहाला पाच मिनिटं असताना आल्या. पन्नाशीच्या, दमलेल्या, हातात डबा. त्यांनी डबा ठेवला, चष्मा लावला आणि माझ्या चिठ्ठ्या वाचायला घेतल्या. मध्ये एकदाही वर पाहिलं नाही. वाचून झाल्यावर पहिली पुन्हा उचलली.

“ही रेघ तुम्ही मारलीत?”

“हो. ते वाक्य चुकीचं होतं.”

“कोर्टात तुम्ही सांगितलं होतंत की या चिठ्ठीवर नाव नसतं. सुनावणीची नोंद माझ्याकडे आहे. इथे प्रत्येकीवर तुमचं पूर्ण नाव आहे.”

“लिहिणारी मी आहे म्हणून. जे झालं ते माझ्याबाबतीत झालं. माझ्या मुलीने मला काहीही सांगितलेलं नाही.”

शेवटचं वाक्य मी सावकाश म्हटलं, एकेक शब्द वेगळा ठेवून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कितीतरी वर्षं हीच नोकरी केलेली बाई ती. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यांना कळलं.

“तुमच्या मुलीने काही सांगितलेलं नाही,” त्या म्हणाल्या.

“नाही.”

“त्यांचं घर मला या महिन्यात पाहायचंच आहे. तारीख मी ठरवायची असते, आणि आधी कळवलंच पाहिजे असं नाही. त्याआधी मुलीला एकटीला शाळेत भेटायचाही मला अधिकार आहे.” त्यांनी डबा बाजूला सरकवला. “शाळा किती वाजता सुटते?”

“तीनला.”

“गेटवर कोण असतं?”

“तो.”

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि मग आम्ही तिघींनीही. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. त्यांनी फोन पुढे ओढला आणि माझ्याकडे शाळेचा नंबर मागितला.